एमबीएच्या मिश्र गटात काम करून दुसऱ्या संस्कृतींची जाण खरंच येते का?

तुमची अडचण अशी दिसते: चार-पाच देशांच्या विद्यार्थ्यांचा गट करून देतात, पण काम दोघंच ओढतात, बाकीचे गप्प बसतात. मग शिकायचं काय?

नुसता गट मिश्र केला म्हणून जाण येत नाही, हे आधी मान्य करू. बहुतेक गट पहिल्याच बैठकीत काम वाटून टाकतात: बाजारपेठ तुझी, आकडेमोड माझी, स्लाइड तिच्या. माझ्या मते शिकणं तिथेच संपतं, कारण पुढे एकमेकांच्या पद्धतीशी गाठच पडत नाही. माहिती गोळा करणं खुशाल वाटून घ्या, पण अंतिम शिफारस सगळ्यांनी एकत्र बसूनच ठरवा. खटके तिथे उडतात, आणि तेच हवे आहेत.

पहिल्या बैठकीत विषयाला हात घालण्याआधी प्रत्येकाने पाच मिनिटांत दोन उत्तरं लिहावीत. कच्चा मसुदा म्हणजे किती कच्चा? मत पटलं नाही तर सगळ्यांसमोर सांगायचं की नंतर एकट्याला गाठून? पहिला प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण एकाच्या लेखी मसुदा म्हणजे चार मुद्दे, दुसऱ्याच्या लेखी शुद्धलेखन तपासलेली दहा पानं. हे आधी बोललं नाही की पहिला आळशी ठरतो आणि दुसरा हट्टी.

'हो' या शब्दाचंही तसंच. कुणाचा 'हो' म्हणजे 'पटलं', कुणाचा नुसता 'ऐकलं'. म्हणून 'चालेल ना?' असं विचारूच नका. 'यात सगळ्यात कच्चा दुवा कोणता?' असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. परक्या भाषेत वाक्य जुळवायला तेवढा वेळ लागतो; अस्खलित बोलणारे नेमकी तीच जागा भरून टाकतात. मुद्दे एक दिवस आधी पाठवले आणि सुरुवात बोलण्याऐवजी लिहून केली, तर गप्प माणसांकडूनही बरंच बाहेर येतं.

पाच जणांत तिघं एका भाषेचे असतील तर गट उभा चिरतो. जोड्या मुद्दाम मिसळा आणि दर आठवड्याला बदला.

डच संशोधक हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींना दिलेली गुणांकनं पाहून सोबत्याचा अंदाज बांधू नका, ही माझी कळकळीची विनंती. ते आकडे मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून काढलेल्या देशांच्या सरासरी आहेत. समोरच्या एका माणसाबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

त्याऐवजी प्रत्येक बैठकीनंतर दहा मिनिटं तीन रकाने भरा: काय घडलं, मला काय वाटलं, दुसरा अर्थ काय असू शकतो. पहिल्या रकान्यात 'ती तुसडेपणाने वागली' असं लिहिलं तर ते चुकलं. 'तिने दोनदा घड्याळ पाहिलं' हे बरोबर. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या व्यक्तीलाच विचारा.

शिवाय अवधी हवा. वॉटसन, कुमार आणि मायकेलसेन यांनी 1993 साली 17 आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मिश्र गट सुरुवातीला एकजिनसी गटांच्या मागे होते. शेवटी मात्र समस्येकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहण्यात आणि पर्याय काढण्यात ते पुढे गेले. तीन आठवड्यांच्या प्रकल्पात बहुधा फक्त कटकट वाट्याला येते. शक्य असेल तर प्राध्यापकांकडे पूर्ण सत्रासाठी हाच गट मागून घ्या.