भीमा शक्ती पावसाळ्यात का पोसला नाही?

भाऊ, तुमचे प्रश्न दोन. साक्रीकडे जुलैत लावलेला भीमा शक्ती हा कांद्याचा वाण पोसला का नाही, आणि कांद्याचे वाण देणाऱ्या राजगुरुनगर, एनएचआरडीएफ, राहुरी या संस्था म्हणजे एकच खातं आहे का? दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

एकच नाही. सगळ्यांत जुनं काम नाशिक जिल्ह्यातल्या निवडीचं. निफाडचा एन-५३ हा वाण खरिपाचा, पिंपळगाव बसवंतचा एन-२-४-१ रब्बीचा. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने बसवंत-७८०, फुले समर्थ असे वाण दिले. एनएचआरडीएफ (राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान) ही वेगळीच चूल. नाफेड या सहकारी पणन महासंघाने कांदा निर्यातदारांना सोबत घेऊन १९७७ साली ती मांडली, निर्यातीचा माल सुधारावा म्हणून. ॲग्रीफाउंड डार्क रेड (खरीप) आणि ॲग्रीफाउंड लाइट रेड (रब्बी) हे त्यांचे वाण. राजगुरुनगरचं केंद्र मात्र भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं. १९९४ मध्ये ते नाशिकला राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झालं, १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेलं आणि २००८ मध्ये त्याचं संचालनालय झालं. गाव भीमेच्या काठचं, म्हणून वाणांना भीमा हे नाव.

या केंद्राचा उपयोग बी विकण्यापुरता धरू नका. वेगवेगळ्या राज्यांत तेच वाण हंगामवार लावून बघायचं आणि मग शिफारस करायची, हे त्याचं मोठं काम. ती शिफारस हंगामाची असते, आणि दुकानात नेमकी तीच गळते. भीमा शक्तीची शिफारस रांगडा (म्हणजे उशिराचा खरीप) आणि रब्बीसाठी आहे, खरिपासाठी नाही. पावसाळ्यात लावायचा तर भीमा सुपर, भीमा राज, भीमा डार्क रेड. पांढऱ्यात भीमा शुभ्रा. भीमा किरण रब्बीचा.

कारण सरळ आहे. गाठ धरायला कांद्याला ठरावीक लांबीचा दिवस लागतो. खरिपाचा वाण लहान होत जाणाऱ्या दिवसातही, अकरा तासांच्या आसपास, पोसतो. रब्बीच्या वाणाला साधारण बारा तास किंवा थोडा जास्त दिवस आणि वाढतं ऊन हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते मिळतं. तुमच्या रोपांची गाठ धरायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली, तेव्हा दिवस आखडत होता. म्हणून पात हिरवीगार, मान (पात गाठीला मिळते ती जागा) जाड आणि खाली चिंगळी, म्हणजे बारीक न पोसलेले कांदे. वर युरिया टाकला असेल तर मान आणखी जाड झाली असेल.

पण एक घोळ करू नका. रब्बीत कांदा तयार झाला की माना आपोआप पडतात, पण खरिपात योग्य वाणाच्याही तशा पडत नाहीत, कारण पात वाढतीच असते. गाठ भरली, रंग चढला, पात किंचित पिवळी झाली की काढणीआधी दोन-तीन दिवस रिकामा ड्रम फिरवून माना पाडतात. म्हणजे मान उभी आहे यावरून वाण चुकला म्हणू नका, गाठ उकरून बघा.

उलटी चूकही होते. खरिपाचा वाण रब्बीत घेतला तर जोड कांदे आणि डेंगळे (फुलाचे दांडे) वाढतात, माल कांदाचाळीत साठवला तर टिकत नाही. धुळ्याची थंडी तर तुम्हाला ठाऊकच आहे. रोप मोठं होऊन तिच्यात सापडलं की रब्बीचा वाणही डेंगळे टाकतो. म्हणून रब्बीचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून सात-आठ आठवड्यांचं लावा, त्याहून जास्त वयाचं होऊ देऊ नका.

खरिपाची लावणी सपाट वाफ्यात नको. आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की काळा करपा आणि पीळ रोग ठरलेला. १२० सेंमी माथ्याचा, १५ सेंमी उंच गादीवाफा, मध्ये ४५ सेंमी सरी, लागण १५ × १० सेंमी. एकराला दोन गुंठे रोपवाटिका आणि दोन ते तीन किलो बी पुरतं. नत्राचा शेवटचा हप्ता लागणीपासून ४५ दिवसांच्या आत. उशिरा दिलेलं नत्र चाळीत सडीच्या रूपाने परत येतं.

बी घेताना टॅग बघा. पायाभूत बियाण्याचा (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा, सत्यप्रत (विकणाऱ्याने स्वतःच्या हमीवर दिलेल्या) बियाण्याचा हिरवा. कांद्यात परागीकरण मधमाश्या करतात, म्हणून प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर आणि पायाभूतला १००० मीटर विलगीकरण, म्हणजे दुसऱ्या कांद्यापासून अंतर, लागतं. शेजारच्या बांधावर दुसरा कांदा फुलला असेल तर घरचं बी नावालाच भीमा शक्ती. आणि बी गेल्या वर्षीचं नको, कांद्याची उगवण वर्षभरात ढासळते.

आता शेतात उभा आहे त्याचं काय? चाळीत भरायचा विचार सोडा, जाड मानेचा कांदा आधी मानेतूनच सडतो. पात हिरवी आहे तोवर जुड्या बांधून पातीचा कांदा म्हणून काढा. उरलेलं शक्तीचं बी याच वर्षीचं असेल तर ऑक्टोबरअखेर रोपवाटिकेत टाका आणि लागण डिसेंबरात करा.