ऑस्ट्रेलियातील सिडनी–होबार्ट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत रात्री नौका किनाऱ्यापासून दूर का जातात?
मुख्य कारण समुद्राचा प्रवाह हे आहे. सिडनीहून 26 डिसेंबरला निघालेल्या नौकांना टास्मानिया बेटावरील होबार्टपर्यंत 628 सागरी मैल दक्षिणेकडे जायचे असते आणि पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहही त्याच दिशेने वाहत असल्यामुळे, खोल पाण्यात राहणाऱ्या नौकेला आयता वेग मिळतो, तर किनाऱ्यालगत रात्री वारा बऱ्याचदा मंदावतो. मात्र दक्षिणेकडून वादळी वारा आला की तो या प्रवाहाच्या विरुद्ध वाहतो आणि लाटा उंच, उभ्या व धोकादायक होतात. तसा अंदाज असल्यास किनाऱ्याकडे सरकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. (1998 च्या शर्यतीत आलेल्या वादळात सहा खलाशी मृत्युमुखी पडले.) अखेरीस होबार्टच्या डरवेंट नदीत रात्री वारा पडला, तर मोठी आघाडीही वाया जाऊ शकते.