डिडिमॉस, तोमा आणि जांवळें केळें

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: ‘बायनरी अ‍ॅस्टरॉइड’ला, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांच्या जोडीला, ‘जुळा लघुग्रह’ म्हणायचं की ‘युग्म लघुग्रह’? ‘जोडलघुग्रह’ म्हणा. जोडतारा चालतो, मग हा का नाही? आणि कृपा करून ‘जुळ्या उल्का’ तेवढं म्हणू नका, कान किटले. वातावरणात शिरून पेटते ती उल्का. हे दगड सूर्याभोवती निवांत फिरतायत.

‘जुळा’ला माझी हरकत मापाची आहे. डिडिमॉस नावाची अशीच एक जोडी घ्या: थोरला डिडिमॉस सुमारे ७८० मीटर, त्याच्याभोवती फिरणारा डायमॉर्फॉस जेमतेम १६०, दोघांत अंतर सव्वा किलोमीटरच्या आत. हे कसले जुळे? कडेवरचं पोर ते! थोरला सव्वादोन तासांत गिरकी घेतो. त्या वेगात त्याच्या अंगावरची खडी सुटली आणि तिचाच धाकटा झाला, असं मानतात. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने लघुग्रहाची वाट वळवता येते का हे बघायला ‘डार्ट’ यान मुद्दाम आदळवलं ते या पोरावर. ११ तास ५५ मिनिटांची त्याची फेरी अर्ध्या तासाने आखडली. खरे जुळे हवेत तर अँटिओपी ही लघुग्रहांची जोडी बघा: दोन्ही गोळे सुमारे ८५ किलोमीटरचे, साडेसोळा तासांत एकमेकांभोवती.

तरी नाव पडलं डिडिमॉस, ग्रीकमध्ये ‘जुळा’. बायबलात संत थॉमसला हेच बिरुद, कारण अरामी ‘तोमा’ म्हणजेही जुळाच. म्हणजे पणजीतला संत थॉमसच्या नावाचा सां तोमे भाग आणि हा लघुग्रह नावाने सख्खे! आपल्याकडे हाच अर्थ ‘यम’ला. यम-यमी ही वेदातली जुळी भावंडं. रेडा मागाहून आला. यमवरून यमल, यमलचं जावळ, म्हणजे जुळं: ग्रामचं गाव, आमलकाचा आवळा झाला त्याच वाटेने. जावळ्यांचा संबंध बाळाच्या जावळाशी लावणारे पंडित मला भेटलेत. त्यांनी केस खुशाल कापावेत, शब्दाला कात्री लावू नये.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळीवालीने फणीतलं एक केळं मोडून बाजूला ठेवलं. पाठीला पाठ चिकटलेली दोन, अगदी सारख्या अंगाची. म्हणाली, “जांवळें केळें तें, सुनेक दिवं नाका हां.” डिडिमॉस तिला दाखवला असता, तर तिने त्याला जांवळें म्हटलं नसतं.