पुरवठादारांना शिकवायला जाल तेव्हा आधी विचारा, फवारणी कोण करतं?

प्रश्न असा आहे: "पुण्यात एका मोठ्या रिटेल कंपनीच्या सस्टेनेबल सोर्सिंग (पर्यावरण आणि कामगारांचा विचार करून माल खरेदी करणं) टीममध्ये नोकरी मिळते आहे. पुरवठादारांना प्रशिक्षण द्यायचं काम आहे. यात खरंच काही घडतं, की सगळं अहवालापुरतं असतं?"

मी पुण्यात हेच काम नऊ वर्षं करते आहे. सुरुवातीला भाजीपाल्याच्या खरेदीत होते, आता पॅकिंगचा माल आणि कपडे पुरवणाऱ्या युनिट्सबरोबर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. काम खरं आहे आणि खूप मोलाचं आहे. पण माझी पहिली दोन वर्षं चुकीच्या माणसांना चुकीची गोष्ट शिकवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं टोमॅटोचं संकलन केंद्र नारायणगावजवळ होतं. पहिलं प्रशिक्षण मी एका मंगल कार्यालयात घेतलं. प्रोजेक्टर, चहा-पोहे, हजेरीपत्रकावर चाळीसेक सह्या. कीडनाशकाच्या डब्यावरचे रंग समजावून सांगितले: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. शेवटची फवारणी आणि तोडा यांत किती दिवस सोडायचे तेही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन आठवड्यांनी त्यातल्याच दोघांच्या मालात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, मर्यादेपेक्षा जास्त निघाला.

मी त्यांच्यातल्या एकाच्या प्लॉटवर गेले. मालक दुचाकीवरून बाजारात निघाले होते. पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होता तो त्यांच्याकडे कामाला असलेला, बाहेरगावाहून आलेला मुलगा. "माप कसं घेतोस?" असं विचारलं तर त्याने बाटलीचं टोपण दाखवलं. 15 लिटरच्या पंपाला दोन टोपणं. दुसऱ्या औषधाच्या बाटलीचं टोपण मोठं होतं, तरी त्याचीही दोनच. हातात मोजे नाहीत, तोंडाला ओढणीसारखा गुंडाळलेला टॉवेल. मंगल कार्यालयातल्या माझ्या हजेरीपत्रकावर या मुलाचं नाव नव्हतं. असणार कसं? आम्ही सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच बोलावलं होतं.

त्या दिवसापासून मी प्रशिक्षण बांधावर घेते, फवारणीच्या वेळी, फवारणी करणाऱ्याबरोबर. बऱ्याच घरांत औषध कालवायचं काम बाई करते, म्हणून तीही हवी. प्रत्येकाला मिलीलिटरच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं मोजपात्र दिलं. त्या मोसमात सगळ्यात जास्त फरक या स्वस्तातल्या मोजपात्राने पडला.

पण माप सुधारूनही प्रश्न संपला नाही, आणि मला तुम्हाला खरं तर याच्या पुढचं सांगायचं आहे. टोमॅटोचा तोडा एकदा सुरू झाला की दर तीन-चार दिवसांनी चालतो. ज्या औषधाला सात दिवसांचा काढणीपूर्व काळ आहे, म्हणजे फवारल्यावर सात दिवस तोडा करायचा नाही, ते शेतकरी मारणार कधी? मारलं तर मधले एक-दोन तोडे सोडावे लागतात, म्हणजे झाडावर लाल झालेला माल डोळ्यांदेखत वाया. एका काकांनी मला सरळ विचारलं, "ताई, तुमच्या केंद्रावर एक डाग दिसला तरी क्रेट परत येतो. मग आम्ही मारू नको तर काय करू?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आमच्या पुण्यातल्या ऑफिसात होतं, खरेदी विभागाकडे.

आमच्याच कंपनीची एक टीम कमी फवारा म्हणत होती आणि दुसरी टीम बारीक ठिपक्यावरून माल नाकारून जास्त फवारायला लावत होती. मी खरेदीच्या माणसांना शेतावर नेलं, वाद झाले, एक हंगाम त्यातच गेला. शेवटी साल न फाटलेल्या, किरकोळ ठिपक्याच्या मालाची वेगळी प्रत ठरली आणि तिला दरही ठरला. त्यानंतर मात्र किडीला स्वतःकडे ओढणारी झेंडूची ओळ, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर किडे पकडणारे), पिवळे-निळे चिकट सापळे, कमी काढणीपूर्व काळाची औषधं हे सगळं लोक स्वतःहून विचारायला लागले. झेंडू सापळा पीक म्हणून आपल्याकडे नवा नाही, टोमॅटोच्या 14-16 ओळींमागे एक ओळ ही शिफारस जुनीच आहे. मी नवीन काहीच शिकवलं नाही. ते परवडेल अशी परिस्थिती आमच्या बाजूने तयार झाली.

जुन्नर भागात हे समजावणं तसं सोपं जातं, कारण द्राक्षवाल्यांना 2010 साल आठवतं. तेव्हा सीसीसी या वाढरोधकाचा अंश सापडल्याने युरोपात द्राक्षं अडकली आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. औषधाच्या अंशाच्या एका आकड्याने हंगाम जातो, हे त्यांना मी सांगावं लागत नाही.

कारखान्यांकडे गेल्यावर हाच धडा वेगळ्या कपड्यांत भेटतो. ढाक्याजवळच्या सावरमध्ये 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1134 माणसं गेली. तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, आधी झालेली होती. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले, खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, आणि शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. प्रत्येक प्रशिक्षणात मी हे सांगते आणि विचारते, तुमच्याकडे "मी आत जाणार नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचा त्या दिवसाचा पगार कोण देतं? ऑर्डर उशिरा देऊन डिलिव्हरीची तारीख तीच ठेवणारा ग्राहक आपणच असू, तर आठवड्याला 48 तास आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर हे नियम फळ्यावर लिहून काय होणार?

भोसरीतल्या एका खोक्यांच्या युनिटचे मालक मला म्हणाले होते, "मॅडम, रिसायकल कागद वापरतो, सौर पॅनलही बसवतो, आधी बिल वेळेवर निघू दे." तेव्हा आमच्याकडे पैसे सुटायला तीन-तीन महिने लागत. सूक्ष्म-लघु उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचे हे 2006 च्या कायद्यात आहेच, आता आयकराच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यात तो कलम 43बी(एच) म्हणून आला) मुदत चुकली तर खर्चाची वजावटही पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. तुम्ही या टीममध्ये गेलात तर हा नियम पाठ ठेवा, अकाउंट्सशी बोलताना फार उपयोगी पडतो.

अहवालाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला, त्यामुळे "किती पुरवठादारांना प्रशिक्षण दिलं" हा आकडा सगळ्यांना हवा असतो. तो मागितला जातो याचं मला वाईट वाटत नाही, त्याच आकड्यामुळे बजेट मिळतं. पण तुमचं काम त्या आकड्यावरच मोजणार असतील तर नोकरी घेण्याआधी दोनदा विचार करा.

मुलाखतीत हे नक्की विचारा: खरेदी करणाऱ्यांच्या वार्षिक मूल्यांकनात पुरवठादाराच्या परिस्थितीला काही गुण आहेत का? प्रयोगशाळेच्या तपासणीचे पैसे कोण भरतं, कंपनी की शेतकरी? एखाद्याचा नमुना फेल गेला तर त्याला लगेच काढतात, की सुधारायला एक हंगाम देतात? या शेवटच्या प्रश्नावर ते अडखळले तर समजा की तिथले पुरवठादार तुमच्याशी कधीच खरं बोलणार नाहीत, कारण खरं बोललं की ऑर्डर जाते.

आणि जमलं तर मुलाखतीआधी एक दिवस नारायणगावला जाऊन या. टोमॅटोच्या मोसमात बाजारात क्रेट उतरवणाऱ्यांशी बोला, मग जवळच्या एखाद्या प्लॉटवर जा आणि पंप कुणाच्या पाठीवर आहे ते बघा. ऊन चढायच्या आत पोचायला हवं, फवारणी सकाळीच उरकतात.