कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला कच्चा मोहावी रोड सुबारू गाडीने, तेही एकट्याने, करता येईल का?

अख्खा रस्ता? नको. गाडी वाईट म्हणून नाही. लॅनफेअर व्हॅलीत एकामागोमाग एक व्हूप्स, म्हणजे रस्त्यातले खोलगट उंचवटे, आहेत, तिथे कमी उंचीच्या गाडीचं पोट घासतं. ॲफ्टन कॅन्यनमध्ये नदीचं पाणी ओलांडावं लागतं. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. चांगला क्लिअरन्स, लो रेंज गिअरवाली फोर बाय फोर आणि सोबत दुसरी गाडी एवढं जमत नसेल, तर कोलोरॅडो नदीपासूनचे हे १३८ मैल सध्या राहू द्या.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: "सोडा लेक ओलं असेल तर कडेकडेने गाडी काढता येते ना?" सोडा लेक म्हणजे या रस्त्यावरचं, एरवी कोरडं असणारं खारं तळं. हेच वाक्य मी त्या तळ्याच्या काठावर उभा राहून ऐकलंय, आणि त्यावरून माझं एका जुन्या मित्राशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

हिवाळ्यात तीन मराठी कुटुंबं तीन गाड्या घेऊन निघालो होतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, सगळे जातात तसेच. पायूट स्प्रिंग पाहिलं, मार्ल स्प्रिंग्जला थांबलो. हा रस्ता मुळात इथल्या मूळ रहिवासी मोहावी लोकांची पायवाट आहे, एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत जाणारी. १७७६ मध्ये स्पॅनिश धर्मगुरू फादर गार्सेस त्यांच्याच वाटाड्यांबरोबर इथून गेला, १८२६ मध्ये अमेरिकन शिकारी जेडेडाया स्मिथ गेला, नंतर लष्कराच्या गाड्या गेल्या. आपण त्याच ओळीवरून चालवतोय हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटत होतं. वाटेत एक टपालपेटी आहे, तिच्यात नोंदवही असते. त्यात पोरांनी देवनागरीत नावं लिहिली. सोडा लेकच्या मधोमध दगडांचा ढीग आहे, जाणारा प्रत्येक जण त्यात आपला एक दगड टाकतो. मुलांनी दगड आधीच निवडून ठेवले होते, माझ्या मुलीचा लालसर, हातात मावेल एवढा.

केलबेकर रोड ओलांडून तळ्याच्या काठाशी आलो. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. मोहावी नदी समुद्राला मिळत नाही, या तळ्यातच येऊन जिरते. त्यामुळे वरून कोरडं दिसलं तरी खाली काय आहे ते कळत नाही. मी गाडी थांबवून चालत गेलो. पहिली काही पावलं ठीक. मग वरचा पांढरा थर पापडासारखा मोडला आणि बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेला. ओढून काढताना हाताने धरावा लागला. मी म्हटलं, मागे फिरायचं.

मित्र म्हणाला, "अरे, रस्त्यावर चिखल आहे ना, मग कडेने काढू. एवढी सरकारी जमीन ओसाड पडलीये, कुणाचं काय जातंय?"

त्याची मुलं दगड हातात धरून मागे बसली होती, त्यामुळे त्याची तगमग मला कळत होती. पण "कुणाचं काय जातंय" ऐकून माझं डोकं फिरलं. आमच्या गावचं गायरान याच वाक्याने संपलं. एकाने कडेने बैलगाडी घातली, दुसऱ्याने ट्रॅक्टर, तिसऱ्याने कुंपण. जमीन सरकारी म्हणजे बेवारस, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की दुसऱ्या देशात आलो तरी सुटत नाही.

आमचं बोलणं चालू असतानाच मागून दोन ट्रक आले, रस्ता सोडून झुडपांतून वळसा घालून पार निघून गेले. आम्ही मागे फिरलो. दगड गाडीतच राहिले. तो अजूनही दिवाळीच्या कार्यक्रमात सांगतो, की बघा, ते गेले आणि हा घाबरला.

गेले, मान्य. पण त्यांच्या चाकोऱ्या तिथेच राहिल्या. अमेरिकन सेनापती जनरल पॅटनच्या रणगाड्यांनी १९४२ मध्ये या वाळवंटात सराव सुरू केला, त्या रणगाड्यांच्या खुणा काही ठिकाणी आजही दिसतात. इथे माती धरून ठेवणारा नाजूक जिवंत थर असतो, तो एकदा मोडला की सावरायला कित्येक दशकं जातात. आणि एक नवी चाकोरी दिसली की पुढचा माणूस तीच वाट समजतो. हा रस्ता आज आपल्याला चालवता येतो तो इतिहास अभ्यासक डेनिस केसबियर आणि त्यांच्या साथीदारांनी खपून शोधला, खुणा केल्या, म्हणून. पश्चिमेकडे जाताना उजव्या हाताला रचलेल्या दगडांच्या खुणा दिसतात त्या त्यांच्याच. अशी वाट बंद करायला उद्या कुणाला कारण हवं असेल, तर कडेने गेलेल्या गाड्यांचे फोटो पुरेसे आहेत.

ज्याला मोकळं रान हवंय त्याच्यासाठी तळ्याच्या पश्चिमेलाच रेझर ओएचव्ही (ऑफ-रोड गाड्यांसाठीचा) एरिया आहे, बीएलएम या सरकारी जमीन खात्याची जागा, तिथे वाट सोडून मनसोक्त चालवायला परवानगी आहे. मित्राला मी तेव्हाच सांगितलं होतं. मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत (सोडा लेक त्यातच येतं) मात्र आखलेल्या वाटाच, आणि रस्त्यावर चालवायला नोंदणी असलेल्या गाड्याच.

म्हणून तळं ओलं असेल तर केलबेकर रोडने बेकर गावाला या, पेट्रोल भरा, आय-१५ महामार्गाने पश्चिमेला जाऊन रेझर रोडवरून पुढे लागा. यात काहीही कमीपणा नाही. पायी चालून बघा. बूट रुतला तर दोन टनांची गाडी रुतणारच.

तुमच्या सुबारूसाठी सीडर कॅन्यन रोड घ्या. तो कच्चा पण बराच सपाट आहे, जुना मोहावी रोड त्याच्या आसपासच आहे आणि रॉक स्प्रिंगही तिथेच. टायरची हवा थोडी कमी करा, परत भरायला पंप न्या. प्रिझर्व्हमध्ये पेट्रोल मिळत नाही, नीडल्स किंवा बेकरलाच टाकी भरून घ्या. उन्हाळ्यात जाऊ नका. वसंतात गेलात तर गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, कासवं सावलीला येऊन बसतात. दिसलं तर उचलू नका. घाबरून ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि त्यावर त्याचा जीव जाऊ शकतो.

आणि हो, पावसाळी आठवड्यानंतर सपाट रस्तेही वाहून गेलेले असतात, तेव्हा निघण्याआधी प्रिझर्व्हच्या संकेतस्थळावर रस्त्यांची ताजी स्थिती वाचा. गाडी भाड्याची असेल तर करारही वाचा, बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते.