खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची छाटणी) युरिया वाढवला, द्राक्षाचा वेल जोमात आहे, तरी ऑक्टोबरात घड कमी का?

नाशिकच्या द्राक्षबागांत हे नेहमी दिसतं. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात (कळीत) पुढच्या हंगामाचे सूक्ष्मघड तयार होतात. तेव्हा नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर शेंडा पळतो, पेरं लांबतं, दाट पानांमुळे काडीवर ऊन पडत नाही आणि घडाऐवजी बाळी (वेलाचा तणावा) निघते. शिवाय पानांनी बनवलेलं अन्न नव्या फुटीतच संपतं. काडी हिरवी, पोचट राहते. गोडी छाटणीनंतरची (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळांसाठीची छाटणी) पहिली फूट मात्र खोड, ओलांडे (वेलाच्या आडव्या कायम फांद्या) आणि मुळांतल्या साठ्यावरच निघते. साठा कमी पडला की घड जिरतात, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे होतात.

म्हणून नत्राचा मुख्य भाग खरड छाटणीनंतर फूट निघाल्यापासून सुमारे 30 दिवसांपर्यंत, ड्रीपमधून थोडा थोडा द्या. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 10 किलो नत्रासाठी साधारण 22 किलो युरिया. पुढे नत्र आवरा, शेंडा खुडा, पालाश (पोटॅश) वाढवा. खरड छाटणीनंतर 45 व्या दिवशी पाचव्या पानाचं देठ प्रयोगशाळेत तपासून घ्या. नुसत्या पानाच्या रंगावर डोस ठरवू नका. काढणीनंतर पानं हिरवी असतील तर पाणी तोडू नका, थोडं नत्र द्या. हा डोस बरेच जण चुकवतात, पण साठा तेव्हाही भरतो.