जुनं जहाज वाचवायचंय? आधी धक्का शोधा

तुमचा प्रश्न नीट वाचला. खाडीच्या चिखलात एक जुनं सागवानी गलबत रुतून पडलंय, वारसदार ते लाकडाच्या भावात द्यायला तयार आहेत, गावातली आठ-दहा माणसं उत्साहात आहेत. इंग्लंडात लोक वर्गणी काढून, फुकट राबून जहाजं वाचवतात, मग आपणही ऑनलाइन निधी गोळा करून हे गलबत घ्यावं का, असं तुम्ही विचारताय. मी उभी हयात व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून काढली. निवृत्तीनंतर दक्षिण इंग्लंडात लेकीकडे असतो आणि तिथल्या एका जुन्या वाफेच्या जहाजावर स्वयंसेवक म्हणून जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो: आत्ता घेऊ नका. कायमची जागा आणि दर वर्षाच्या खर्चाची सोय झाल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नका.

जहाज विकत घेणं हा या उद्योगातला सगळ्यात स्वस्त भाग असतो. स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' ही दोन्ही अंगांना चाकं असलेली आगबोट 1946 मध्ये पाण्यात उतरली. 1974 मध्ये कंपनीने ती पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटीला विकली, किंमत एक पौंड. पुढच्या वर्षी ती परत प्रवासी नेऊ लागली आणि हौशी लोकांच्या धर्मादाय संस्थेच्या जिवावर आजही नेते. पण 2019 मध्ये बॉयलरने दगा दिला आणि अख्खा हंगाम तिला बांधून ठेवावं लागलं. नव्या बॉयलरसाठी 23 लाख पौंडांचं आवाहन निघालं. लोकांनी दिले, सरकारनेही हातभार लावला आणि ऑगस्ट 2020 मध्ये ती पुन्हा निघाली. एका पौंडाच्या बोटीचा हा एकाच दुखण्याचा खर्च.

जागा नसली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत ताजं आहे. 'एसएस युनायटेड स्टेट्स' हे 1952 मध्ये अटलांटिक पार करण्याचा विक्रम केलेलं प्रवासी जहाज. ते वाचवायला उभ्या राहिलेल्या एका संस्थेने 2011 मध्ये एका दानशूराच्या पैशातून ते विकत घेतलं, देशभरातून देणग्या आल्या. जहाज मात्र फिलाडेल्फियात दुसऱ्याच्या धक्क्यावर भाड्याने उभं. पुढे धक्कामालकाने भाडं वाढवलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2024 मध्ये कोर्टाने जागा खाली करायला सांगितली. एवढ्या मुदतीत जवळजवळ हजार फुटी जहाज नेणार कुठे? शेवटी फ्लोरिडातल्या एका काउंटीने ते समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला विकत घेतलं. इतक्या वर्षांच्या देणग्यांचा मोठा भाग भाडं, विमा आणि वकील यांतच गेला असणार, हे सांगायला हिशेबतपासनीस नको.

आता आपल्या जवळचं उदाहरण, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत बांधली गेली. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारी सागात, 12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली. तिच्या बांधणीचे नकाशे इंग्लंडहून ज्या 'जावा' जहाजातून येत होते, ते डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने निकालात काढलं. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. ट्रिंकोमाली आजही इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे आणि निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे. सागात तेल असतं, आणि ओकसारखं आम्ल नसल्यामुळे त्यातले लोखंडी खिळे झिजत नाहीत. मुंबईच्या जहाजांना त्या काळी मागणी का होती, याचं हे एक कारण.

पण सागामुळे ती टिकली, वाचली मात्र वेगळ्याच कारणाने. सुरुवातीचा काळ सोडला तर तिला सतत काही ना काही काम होतं. 1819 ला इंग्लंडात पोचल्यावर युद्ध नव्हतं म्हणून पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली. मग कॅरिबियन आणि पॅसिफिकमध्ये गस्त, मग नौदलाच्या राखीव माणसांचं प्रशिक्षण. 1897 मध्ये भंगारवाल्याला विकली गेली, तेव्हा जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ती त्याच्याकडून घेतली. त्यांचं 'फूद्रॉयां' हे नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीच्या काळातलं जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलला वादळात फुटलं होतं. त्यांनी ट्रिंकोमालीला तेच नाव दिलं आणि पोरांना समुद्र शिकवायचं जहाज केलं. ते काम पार 1986 पर्यंत चाललं. जिथे रोज पोरं झोपतात, तिथलं गळकं डेक कुणी तरी दुरुस्त करतंच.

1987 मध्ये तिला हार्टलपूलला नेलं, तेही उगाच नाही. त्या गावची जहाजबांधणी बंद पडलेली, कारागीर बेकार. पण 1860 सालची लोखंडी युद्धनौका 'वॉरियर' तिथेच आठ वर्षं दुरुस्त होऊन नुकतीच पोर्ट्समथला गेली होती. म्हणजे शिकलेले हात तयार, गोदी तयार, आणि गावाला पर्यटनासाठी एक जहाज हवंच होतं. ट्रस्टने जवळपास दहा वर्षं खपून 2001 पर्यंत सुमारे 1 कोटी 5 लाख पौंडांत ते काम तडीस नेलं. जाता जाता 'वॉरियर'चंही सांगतो. ती भंगारात गेली नाही, कारण पन्नासेक वर्षं ती वेल्समध्ये इतर जहाजांना तेल भरायचा तरंगता धक्का होती. धक्का नाही म्हणून जहाजं जातात आणि ही स्वतःच धक्का होऊन वाचली!

याच्या उलट बाजूला आपल्या जुन्या विमानवाहू नौका विक्रांत आणि विराट. विक्रांत 1997 ला निवृत्त झाली, 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, पण कायमची जागा कधीच ठरली नाही. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ती बंद झाली, सुमारे 60 कोटींना विकली गेली आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली. विराटसाठी तर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळ 852 कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली होती. तरी 2020 मध्ये ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढली. दोन्ही वेळा लोक कोर्टात गेले, समाजमाध्यमांवर अश्रू ढाळले, पण तोवर उशीर झाला होता. मला विचाराल तर विमानवाहू जहाज वाचवणं हे स्वयंसेवकांचं कामच नाही. ती सरकारची किंवा फार मोठ्या धनिकाची गोष्ट आहे. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी पाहा. 2001 ला निवृत्त, 2002 ला वाळूवर ओढून पक्क्या पायावर बसवली, शहराच्या विकास प्राधिकरणाकडे दिली, तिकीट लावलं. आकार आवाक्यातला, जागा पक्की, मालक एकच.

इंग्रजांनीही हा धडा ठेच लागूनच घेतला, हे लक्षात ठेवा. ट्राफल्गरच्या लढाईत लढलेलं 'इम्प्लेकेबल' हे मूळचं फ्रेंच जहाज बरीच वर्षं पोर्ट्समथला याच ट्रिंकोमालीच्या शेजारी उभं असे. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीला पैसा नाही म्हणून डिसेंबर 1949 मध्ये नौदलाने ते दोन्ही देशांचे झेंडे लावून, सुरुंग लावून समुद्रात बुडवलं. तेही लवकर बुडेना. लोक इतके हळहळले की पुढे 'कटी सार्क' हे जुनं शिडाचं मालवाहू जहाज वाचवायच्या खटपटीला त्यातूनच बळ मिळालं. आज 'इम्प्लेकेबल'ची नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, मूर्ती आणि मागचा नक्षीदार भाग ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. हा मुद्दा तुमच्यासाठी पुढे येतोय.

पैसा येतो कसा, हेही तुम्ही विचारलंत. वर्गणी हा त्यातला छोटा भाग. इंग्लंडात 1994 पासून राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा वारसा जपायला जातो. मोठी कामं बहुतेक त्यावर होतात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला करदात्याने एक पौंड दिला तर सरकार वर 25 पेन्स घालतं. लॉटरीचा निधी मागताना स्वयंसेवकांच्या तासांची किंमत धरून ती संस्थेचा वाटा म्हणून दाखवता येते, म्हणून आमच्याकडे जहाजावर चढताना-उतरताना वहीत वेळ लिहायची सक्ती आहे. नव्या माणसांना ती कटकट वाटते. शिवाय शहाण्या संस्था एक ठेव बाजूला टाकतात आणि तिच्या व्याजावर डागडुजी चालवतात. नेल्सनच्या 'व्हिक्टरी'साठी गोस्लिंग फाउंडेशनने अडीच कोटी पौंड दिले, संरक्षण खात्याने तेवढेच घातले, ते याच हिशेबाने.

स्वयंसेवक म्हणजे नेमकं कोण? आमच्याकडे बहुतेक निवृत्त. कुणी गंज खरवडतं, कुणी रंग लावतं, कुणी वंगण घालतं, कुणी पाहुण्यांना हिंडवतं आणि निम्मे लोक चहाच करत असतात. तळाच्या पत्र्याचं वेल्डिंग, बॉयलरची तपासणी, सर्व्हे ही कामं पैसे मोजून प्रमाणपत्रवाल्यांकडूनच होतात. उत्साहाला शिस्त नसली तर काय होतं ते 'कटी सार्क'ने दाखवलं, तेही पगारी लोकांच्या हाताखाली. मे 2007 मध्ये दुरुस्ती चालू असताना ती पेटली. आठवड्याअखेर चालू राहिलेला धूळ ओढायचा व्हॅक्यूम हेच कारण असावं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. जहाजाचे निम्मे भाग आधीच काढून दुसरीकडे ठेवले होते म्हणून जहाज परत उभं राहिलं. आणि आणखी एक: सगळ्यात दुर्मीळ स्वयंसेवक म्हणजे हिशेब ठेवणारा आणि अर्ज लिहिणारा. लाकडाला हात लावायला गर्दी होते, ऑडिटला कुणी येत नाही. तुमच्या आठ-दहांत असा एक जण नसेल तर तो आधी शोधा.

आता तुमचं गलबत. मराठा आरमारातलं एकही जहाज आज शिल्लक नाही, त्यामुळे विसाव्या शतकातलं मालवाहू गलबतसुद्धा मोलाचं आहे, यात वाद नाही. पण घाईने ते चिखलातून ओढून काढू नका. चिखलाखाली हवा पोचत नाही म्हणून तिथलं लाकूड टिकलेलं असतं. ते एप्रिलच्या उन्हात आणून ठेवलंत तर फळ्या आकसून तडकतील. खरा शत्रू वरून येणारं पावसाचं पाणी आहे. खारं पाणी लाकूड बऱ्यापैकी सांभाळतं, गोड्या पाण्याने ते कुजतं. आपले लोक पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात, तेच करा. वर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. झापं घाला, वारा खेळू द्या. आजूबाजूला कांदळवन असेल तर त्याला हात लावायचा नाही, वनखात्याकडे विचारल्याशिवाय वाटही काढायची नाही. किनाऱ्यावर काहीही बांधायचं तर परवानग्या लागतील, तेव्हा पहिली चौकशी राज्याच्या मेरिटाइम बोर्डाकडे, म्हणजे बंदरं सांभाळणाऱ्या खात्याकडे, करा.

दुसरीकडे ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा आणि देणगीदाराला करसवलत देणारं 80जी घ्या. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा, निधी वारसा जपायला देता येतो, पण नोंदणी, ऑडिट आणि जागेचे कागद पाहिल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. परदेशातल्या कोकणवाल्यांकडून पैसे घेताना एक जपा: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ते परकीय देणगीत येत नाही, पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) परवान्याशिवाय घेता येणार नाहीत. माझ्यासारखे भावनेच्या भरात पाठवायला पटकन तयार होतात, म्हणून सांगतो.

जागेसाठी माझी सूचना पाण्यातली नाही. एखाद्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जमिनीवर, खाडीपासून जवळ, वर कौलारू छप्पर आणि बाजू मोकळ्या, अशी पडवी मिळते का पाहा, आणि मिळाली तर किमान तीस वर्षांचा लेखी करार करा. नाही मिळाली तर अख्खं गलबत वाचवायचा हट्ट सोडा. 'इम्प्लेकेबल'सारखं नाळ, सुकाणू, डोलकाठीचा भाग एवढंच जपलंत तरी चालेल. बाकीचं मोजून, नकाशे काढून, सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन नोंदवा. आणि हे काम निकाल काहीही लागो, आजपासूनच सुरू करा, कारण असं गलबत बांधलेले मेस्त्री आता थकले आहेत. फळ्यांच्या फटी कशा भरायचे, वाकडं लाकूड कुठून आणायचे, मोजमाप कागदाशिवाय कसं ठेवायचे, हे त्यांना बोलतं करून रेकॉर्ड करा. त्याला खर्च फक्त मोबाइलचा.

वारसदारांकडून विकत घेण्याऐवजी वर्षभरासाठी 'मोडणार नाही' एवढंच लेखी घ्या, हवं तर थोडी रक्कम देऊन. दरम्यान भरतीला पाणी कुठल्या फळीपर्यंत येतं आणि ओहोटीला आत किती उरतं ते महिनाभर रोज लिहून ठेवा, कण्याचा, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडाचा, फोटो मिळाला तर काढा, आणि ते सगळं इथे टाका. त्यावरून तळ कितपत शाबूत आहे याचा अंदाज बांधता येईल, आणि ते उचलायला किती खर्च येईल ते मग बोलू.